आधी फिरवून दाखवा

शेठ मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी पंधरा वाक्यं बोलतात. "दहाला दोन देतेस का, नाहीतर राहू दे," म्हणून ते पुढे निघतात आणि मागून हाक यावी म्हणून पावलं मुद्दाम आखूड टाकतात. हाक येते. दोन जुड्या पिशवीत पडतात, वर कढीपत्ता फुकट. त्याच दिवशी दुपारी हायस्कूलचे विज्ञानाचे सर दुकानात येतात आणि प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक जरा जुना झालाय एवढंच म्हणतात, की शेठ चेकबुक मागवतात. किती, हे ते विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न निराळा असतो. "नव्याचं तत्त्व काय?"

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. शेठची तेलाची गिरणी, भुसाराची आडत आणि हंगामात चिंचेचा व्यापार. अशी असामी तुमच्याही गावात असणार. तिथे तिचं कापडाचं दुकान असेल, नाहीतर ती मुंबईला मशीदबंदरला बसून हळदीचे सौदे करत असेल. कुठेही यंत्र उघडून पडलेलं असलं की ही असामी हात मागे बांधून, मान वाकडी करून तिथे उभी असते आणि मेकॅनिकने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत असते. शेठना मॅट्रिकनंतर इंजिनिअरिंगला जायचं होतं. वडील गेले आणि गादीवर बसावं लागलं. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. काकू सांगतात, आणि पुढे जोडतात, "लग्नात माझ्या माहेरून भिंतीवरचं घड्याळ आलं होतं. पहिल्याच आठवड्यात उघडलं. अजून मिटलेलं नाही."

मागे कंबरेच्या दुखण्यासाठी त्यांना सोलापूरला एमआरआय काढायला नेलं. बाकीची माणसं त्या नळीत शिरताना देवाचं नाव घेतात. शेठनी आत सरकता सरकता विचारलं, "चुंबक किती ताकदीचा?" खडखडाट सुरू झाला तसे ते ठोके मोजायला लागले आणि मोजताना बोटं हलली, बोटांबरोबर खांदा हलला. माइकवर आवाज आला, "आजोबा, हलू नका." पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा बोटं. बाहेर आल्यावर सगळं समजावून सांगतो असं तंत्रज्ञाने कबूल केलं तेव्हा कुठे शेठ निपचित पडले. मणक्याचं काय निघालं ते त्यांना आजही नीट सांगता येत नाही. चुंबक दीड टेस्लाचा होता.

पैसा आणि यंत्राची आवड एका माणसात एकत्र आली की त्याचा पत्ता पंचक्रोशीतल्या संशोधकांना आपोआप लागतो. गुरुवारी गिरणी बंद असते. त्या दिवशी शेठच्या ओट्यावर ही मंडळी जमतात. एकाची मोटारसायकल पाण्यावर चालते. सुरू करण्यापुरतं फक्त अर्धा लिटर पेट्रोल लागतं. दुसऱ्याचं चाक एकदा फिरवलं की थांबतच नाही. ते थांबलेलं दिसलं तर त्या दिवशी हवा दमट असते. शेठ कुणाला हाकलत नाहीत. चहा देतात, नकाशा उलटासुलटा करून बघतात, आणि मग त्यांचं एकमेव कलम सांगतात. "पैशाचं नंतर बघू. आधी फिरवून दाखवा."

बऱ्याच जणांचं फिरत नाही. तरी त्यांना परत जायचं भाडं मिळतं, शिवाय "बेअरिंग बदलून बघा" म्हणून दोन-पाचशे. दिवाणजी हे सगळं लिहून ठेवतात. दुकानात टॅली आली तरी दिवाणजींची लाल वही गेलेली नाही. शेठना दाखवायच्या पानावर त्या खर्चाला 'शोधखाते' असं सुवाच्य शीर्षक आहे. मागच्या पानावर दिवाणजींनी स्वतःच्या समाधानासाठी तेच आकडे पुन्हा मांडले आहेत. तिथलं शीर्षक 'बुडीत'.

शेठच्या वर्षातला मोठा सण म्हणजे हायस्कूलचं विज्ञान प्रदर्शन. पाहुणे आमदार रिबीन कापतात, दोन टेबलं बघतात आणि जातात. शेठ मात्र प्रत्येक टेबलापाशी थांबतात. ज्वालामुखीतून लाल फेस आला की "पुन्हा एकदा," म्हणतात. मुलाकडचा खायचा सोडा संपलेला असतो. शेठ माणूस पाठवून दुकानातून पुडा मागवतात. खिशात फ्यूजची तार आणि एक बुटका पेचकस असतोच. कुणाची घंटा वाजली नाही, कुणाचा दिवा लागला नाही की धोतर आवरून ते टेबलाखाली शिरतात आणि बक्षीस समारंभ पाऊण तास लांबतो.

आणि समारंभात दर वर्षी तेच भाषण. त्यांचं दैवत पॅरिसचं आहे. कधीकाळी एका जुन्या मासिकात त्यांना ते भेटलं. आंरी डॉइच द ला मर्त हे अख्खं नाव घ्यायच्या फंदात शेठ पडत नाहीत, 'डॉइचशेठ' म्हणतात. "मुलांनो, डॉइचशेठ आपल्यासारखेच तेलाचे व्यापारी." मग जरा थांबून, "म्हणजे त्यांचं तेल जमिनीतलं." १९०० साली या पेट्रोलच्या व्यापाऱ्याने एक लाख फ्रँकचं बक्षीस लावलं. पॅरिसबाहेरच्या सँ-क्लूहून हवेत उडायचं, आयफेल टॉवरला वळसा घालायचा आणि तीस मिनिटांच्या आत परत यायचं. जाऊन-येऊन अकरा किलोमीटर. राइट बंधूंचं विमान उडायला अजून तीन वर्षं होती. उडायचं ते हायड्रोजन भरलेल्या लांबट फुग्याखाली टांगलेल्या टोपलीत उभं राहून, डोक्यावर हायड्रोजन आणि पाठीशी पेट्रोलचं धडधडतं इंजिन घेऊन. विडी ओढायची सोय नाही, हे शेठ आवर्जून सांगतात.

आव्हान घेतलं ब्राझीलमधल्या एका कॉफीच्या मळेवाल्याच्या मुलाने. सांतोस-द्युमाँ त्याचं नाव, अंगाने चिमुकला. १३ जुलै १९०१ ला तो टॉवरला वळसा घालून परत आला, पण वेळ उलटून गेली होती. वरून इंजिन बंद पडलं आणि वाऱ्याने फुगा नेऊन एका रॉथ्सचाइल्डच्या बागेतल्या चेस्टनटच्या झाडावर टेकवला. ब्राझीलच्या शेवटच्या बादशहाची मुलगी शेजारीच राहत होती. आपल्या देशाचा पोरगा झाडावर उपाशी अडकलाय असं कळल्यावर तिने नोकरांकरवी जेवणाची टोपली झाडावर चढवली.

इथे शेठ थांबतात. पाण्याचा घोट घेतात. "झाडावर!" म्हणतात. "डबा!" भाषणातला हा भाग ते कधीही आटपता घेत नाहीत. पहिल्या रांगेतल्या मुलांना तो पाठ आहे, ती शेठच्या आधीच "डबा!" म्हणतात, आणि शेठना त्याचाही आनंद होतो.

ऑगस्टमध्ये सांतोस-द्युमाँ एका हॉटेलच्या छपरावर कोसळला. आगीच्या बंबवाल्यांनी सोडवून खाली आणला. १९ ऑक्टोबरला पुन्हा निघाला. टॉवर झाला, मध्ये इंजिन रुसलं, त्याने ते हवेतच पुन्हा सुरू केलं, आणि तीस मिनिटं पुरी व्हायच्या आत तो रेषेवरून गेला. पण रेषेवरून पुढे निघून, वळून, खाली सोडलेला दोर माणसांच्या हाती लागेपर्यंत घड्याळात तीस मिनिटं चाळीस सेकंद झाली. पंचांमध्ये भांडण जुंपलं. गर्दी त्याच्या बाजूची. डॉइचशेठही द्यायला तयार. शेवटी बक्षीस मिळालं, आणि पठ्ठ्याने ते पॅरिसच्या गोरगरिबांना आणि आपल्या कारागिरांना वाटून टाकलं.

या चाळीस सेकंदांनी आमच्या शेठना आयुष्यभर छळलंय. व्यापारी म्हणून त्यांचं मत पक्कं आहे. करार म्हणजे करार. दोर हातात येईपर्यंत माल पोचला असं धरता येत नाही. पण दोन वाक्यांनंतर तेच म्हणतात, "अहो, पण फेरी तर मारली ना त्याने!" एकदा याच मुद्द्यावर मुख्याध्यापकांशी त्यांचं वाजलं आणि दोघांच्याही दोन्ही बाजू मांडून झाल्या.

दिवाणजींना डॉइचशेठचं फारसं कौतुक नाही. त्यांच्या मते गणित सरळ आहे. इंजिनं उडायला लागली की पेट्रोल कोणाचं खपणार? खरं आहे. पण नुसतं पेट्रोल खपवायचं असतं तर माणसाने १९०७ साली, फ्रेंच सैन्याचं 'पात्री' नावाचं हवाई जहाज वादळात उडून गेल्यावर, आपलं स्वतःचं 'व्हिल द पारी' सैन्याला कशाला देऊन टाकलं असतं? १९०९ मध्ये पॅरिस विद्यापीठाला हवेत उडण्याच्या शास्त्राची संस्था काढायला पाच लाख फ्रँक कशाला दिले असते, वर दरसाल पंधरा हजार? आणि पेट्रोलशी ज्याचा बादरायण संबंधही जोडता येणार नाही असं एक काम त्याने केलं. मेणाचे पंख लावून सूर्याजवळ गेलेल्या आणि पडलेल्या इकॅरसवर त्याने संगीतिका रचली, आणि १९११ मध्ये ती पॅरिसच्या ऑपेरात झालीही. ही शेवटची बातमी आमच्या शेठपर्यंत पोचू नये अशी त्यांच्या घरच्यांची इच्छा आहे. घरात पेटी आहे.

देणाऱ्याचा धंदा कोणता हे घेणारे मात्र विसरत नाहीत. हायस्कूलच्या प्रदर्शनात दर वर्षी तेलघाण्याच्या निदान तीन प्रतिकृती असतात. एका वर्षी 'आपली सूर्यमाला' या मांडणीतही करडईचा एक दाणा का ठेवला होता ते कळलं नाही. हे आमच्या गावातच होतं असं नाही. जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी पाटलीपुत्राच्या उत्खननाला वर्षाला वीस हजार रुपये दिले. पुरातत्त्व खात्याच्या स्पूनरसाहेबांनी तिथे कुम्रहारला खणलं आणि मौर्यकाळातला खांबांचा मोठा मंडप सापडला. साहेबांना त्यात थेट जुन्या इराणी बादशहांचं पर्सिपोलिस दिसलं, आणि १९१५ मध्ये त्यांनी भारताच्या इतिहासातल्या झरतुष्ट्री कालखंडावर लांबलचक लेखच लिहिला. पैसे पारशी शेठचे, जमिनीतून निघालं इराण! पंडितांनी पुढे तो सिद्धांत मोडीत काढला. मंडप खरा होता.

या दात्यांचा खरा कस लागतो तो नावाच्या पाटीवर. आमच्या गावात पंख्याच्या तीन पात्यांवर आजोबा, आजी आणि देणारा अशी वाटणी आहे. वेग तीनवर केला की सगळं घराणं एक होतं. शेठना हे आवडत नाही. ते जमशेटजी टाटांचं उदाहरण देतात. १८९८ च्या वर्षअखेरीस नवा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन मुंबईत उतरला आणि दुसऱ्याच दिवशी जमशेटजींच्या संशोधन संस्थेची योजना घेऊन शिष्टमंडळ त्याच्या दारात. जमशेटजींनी तीस लाखांची मिळकत काढून ठेवली होती. सरकारने शंका काढल्या, तज्ज्ञ आणले, कागद फिरवले. जमशेटजी १९०४ मध्ये वारले आणि बंगळूरच्या संस्थेला मंजुरी मिळाली १९०९ मध्ये. "माणूस गेला, फाइल जिवंत!" हे शेठचं त्यावरचं भाष्य. एवढं देऊन संस्थेला आपलं नाव द्यायला जमशेटजींनी नकार दिला होता. "आणि गंमत बघा," शेठ आवाज खाली आणतात, "आज बंगळूरला रिक्षावाल्याला विचारा. तो टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतो!"

या गमतीचा शेठच्या मनावर झालेला परिणाम पुढे दिसला. हायस्कूलला त्यांनी अख्खी प्रयोगशाळा बांधून दिली. फरशी, ओटे, गॅसच्या नळ्या, बेसिनं, सगळं. मुख्याध्यापकांनी संगमरवरी पाटीचा विषय काढला तेव्हा शेठनी दोन्ही हात जोडले. "नाव नको." सगळा स्टाफ गहिवरला. मग शेठ वाट बघायला लागले. लोक आपणहून काय म्हणतात ते कानावर यावं म्हणून शाळेसमोरच्या टपरीवर संध्याकाळचा चहा सुरू केला. दोन वर्षं झाली. मुलं, मास्तर, शिपाई, सगळे तिला एकाच नावाने ओळखतात. 'वरची खोली'.

भिश्यांची गोष्ट मात्र ते भाषणात सांगत नाहीत. ओट्यावर, सगळे गेल्यावर, एखाद्या गुरुवारी सांगतात. शंकर आबाजी भिसे, मुंबईचा माणूस, जन्म १८६७ चा. वजन करून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्यावर लंडनची स्पर्धा जिंकला आणि लंडनला गेला. छापखान्याचे शिशाचे टाइप पाडणारं त्याचं यंत्र तेव्हाच्या यंत्रांच्या कितीतरी पट वेगाने टाइप पाडायचं. दादाभाई नवरोजींनी पाठबळ दिलं, त्याच सर रतन टाटांनी पैसा घातला, टाटा आणि भिसे अशा जोडनावाची मंडळी निघाली. यंत्र फिरत होतं. धंदा फिरला नाही. मंडळी बंद झाली आणि भिसे अमेरिकेला निघून गेले. १९३५ मध्ये तिकडेच वारले.

"फिरवून दाखवलं होतं हो त्याने," शेठ म्हणतात. दिवाणजी अशा वेळी वही मिटून ठेवतात. रतन टाटांच्या कोठीतही एखादे दिवाणजी असतीलच, आणि त्यांच्याही वहीला मागचं पान असेल. पण शेठचा सल त्या रकमेचा नाही. फिरणारं यंत्र थांबलं, एवढंच त्यांना सहन होत नाही.

म्हणून मग त्यांनी स्वतःची स्पर्धा काढली. विषय घरचाच. हंगामात चिंच फोडायला त्यांच्या गोदामात पन्नासेक बायका बसतात. टरफल, रेषा, चिंचोका वेगळा करतात. हे काम करणाऱ्या यंत्राला एक्कावन्न हजारांचं बक्षीस. पॅरिसच्या चाळीस सेकंदांची पुनरावृत्ती नको म्हणून शेठनी अटी स्वतः लिहिल्या, बिलबुकाच्या पाठीमागे, चार पानं. अर्ध्या तासात वीस किलो. पहिली चिंच नरसाळ्यात पडली की घड्याळ सुरू; शेवटची तोटीतून बाहेर आली की बंद. मोटर एक अश्वशक्तीच्या वर नको. घड्याळं दोन, एक पंचांचं, एक दिवाणजींचं. वकिलालाही दाखवून घेतलं.

स्टँडमागच्या लेथवाल्याने यंत्र आणलं. सत्तावीस मिनिटांत वीस किलो चिंच तोटीतून बाहेर. टाळ्या पडल्या. मग शेठनी परातीत हात घातला. चिंच होती, चिंचोका होता, टरफल होतं. सगळं एकजीव कुटलेलं. चिंचोका अख्खा आणि वेगळा निघाला पाहिजे हे चार पानांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. लेथवाला हात बांधून उभा. दिवाणजींनी चारही पानं पुन्हा वाचली आणि चष्मा काढला. "शेठ, अटी पुऱ्या झाल्या."

शेठनी बक्षीस दिलं. शाल, श्रीफळ, चेक. करार म्हणजे करार. ती वीस किलो चिंच टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं, त्यामुळे काकूंच्या आमटीत वर्षभर कचकच लागली. सगळ्यांत खूश झाल्या त्या चिंच फोडणाऱ्या बायका. त्यांच्यातली म्हातारी जाता जाता म्हणाली, "शेठ, पुढच्या सालाला बी ठेवा की हो स्पर्धा."

गेल्या दिवाळीनंतर गावातलीच एक मुलगी पुण्याहून इंजिनिअर होऊन आली. पिकावर फवारणी करणारा ड्रोन तिने आणि तिच्या दोन मित्रांनी बनवलाय. तिने गादीवर लॅपटॉप उघडला आणि शेठना व्हॅल्युएशन सांगितलं, पहिल्या फेरीत किती टक्के हिस्सा देता येईल ते सांगितलं, पाच वर्षांत पैसे किती पट होतील त्याचा आलेख दाखवला. दिवाणजी पुढे सरकून बसले; शोधखात्यात पैसे परत येण्याची भाषा ते प्रथमच ऐकत होते. शेठ कंटाळून पंख्याकडे बघत होते. मग तिचं बोलणं मध्येच तोडून म्हणाले, "पोरी, शेअर तुझ्याकडेच ठेव. तो उडतो का?"

गोदामामागच्या मोकळ्या जागेत ड्रोन उडाला. फवारा पडला. शेठच्या धोतरावरही पडला. त्यांनी दोन वेळा "पुन्हा एकदा" म्हटलं. मग रिमोटकडे बोट दाखवून, लग्नघरात पोरं जिलबीकडे बघतात तसं बघत, "मी?" असं विचारलं. नाही म्हणायला पोरीचा धीर झाला नाही. ड्रोन सरळ वर गेला, डावीकडे वळला, आणि गोदामाच्या कडेच्या लिंबाच्या शेंड्यात अडकून बसला.

हमाल शिडी आणायला पळाले. शिडी आली तशी सगळ्यांच्या आधी शेठच चढले. वय सत्तरीपुढचं, कंबर दीड टेस्लाने तपासलेली. खालून पोरगी ओरडतेय, "आजोबा, राहू द्या," दिवाणजी शिडी धरून रामरक्षा म्हणतायत. शेठ गोदामाच्या छपरावर पोचले, फांदी ओढून बघितली, ड्रोन हाती लागेना. लांब बांबू आणायला माणूस गेला. तेवढ्यात शेठ पत्र्यावरच बैठक मारून, वर बघत, त्या चार पंख्यांतले दोन उलटे का फिरतात ते पोरीकडून समजावून घ्यायला लागले. ती खालून ओरडून सांगत होती, ते वरून ओरडून विचारत होते. आडतीवर आलेल्या दोन गाड्या तशाच उभ्या होत्या.

साडेबाराला काकू मागच्या दारात आल्या. त्यांनी वर बघितलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "अहो, उतरा आता. पानं वाढलीत, आमटी निवतेय."

पत्र्यावरून आवाज आला, "डबा वर पाठव!"